नसलेल्या विहिरीला वळसा

भाऊजी चहाचा ट्रे घेऊन ऑफिसात आले, तेव्हा समोरच्या खुर्चीतल्या बाई रडायच्या थांबल्या होत्या आणि आता त्यांना त्या रडण्याची लाज वाटत होती. भाऊजींनी दारापासून खोलीच्या मधून एक छोटासा वळसा घेतला, ट्रे टेबलावर ठेवला आणि थोडा चहा बशीत सांडला. तो रोजच सांडतो.

टेबलापलीकडे वहिनी बसल्या होत्या. वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला तेव्हा त्याची ही खासगी तपासाची कचेरी आता बंदच पडणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. वहिनींनी खोली झाडली, मधोमध ऐसपैस पसरलेली भावाची आरामखुर्ची एका वृद्धाश्रमाला देऊन टाकली आणि कामाला लागल्या. बँकेतून निवृत्त झालेले भाऊजी आले ते त्यांची गाडी चालवायला. आपण गाडीबरोबर तपासही चालवतो, असा भाऊजींचा अधूनमधून समज होई. वहिनी तो मोडत नसत.

"सावकाश सांगा, ताई," वहिनी म्हणाल्या. "घाई नाही."

ताईंच्या नवऱ्याची गेम बनवणारी कंपनी होती. इंटरनेटवरून हजारो लोकांनी एकाच वेळी एकाच नगरात शिरून खेळायचं, असा त्यांचा नवा गेम गेल्या आठवड्यात बाजारात आला होता. पहिल्याच संध्याकाळी नगरात एक लाखावर खेळाडू दिसले. टाळ्या झाल्या, भाषणं झाली, बातम्या आल्या. पण त्याच वेळी पैसे भरून गेम घेतलेली माणसं वेशीवर ताटकळत होती. त्यांना एकच पाटी दिसत होती, 'आत जागा नाही'. दुसऱ्या दिवशी आत शिरायला मिळालेल्या एका मुलीने व्हिडिओ टाकला. नगराचा चौक माणसांनी भरलेला, पण कुणाला हाक मारली तर एकही मागे वळून बघत नव्हता. मग सगळं जगच ओरडू लागलं, की ही गर्दी खोटी आहे.

"आणि खरंच खोटी होती," ताई म्हणाल्या. "कॉम्प्युटरने चालवलेली माणसं. ऑफिसात त्यांना बुजगावणी म्हणतात. गेमला किती भार पेलतो ते बघायला माझा धाकटा भाऊ, नानू, ती वापरायचा. त्याचंच काम ते. आणि बुजगावणी आत शिरली तीही त्याच्याच चावीने. म्हणजे ते पासवर्डसारखं असतं ना, तसं. तशी नोंद आहे."

"नानू काय म्हणतो?"

"म्हणतो, 'असेल.' एवढंच." ताईंनी रुमाल मुठीत चुरगळला. "आई गेली तेव्हा तो चौथीत होता. मी वाढवलाय त्याला. खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. आता कान पांढरेफटक आहेत आणि तो जेवत नाही."

"तुमचे मिस्टर?"

"त्यांनी तरी काय करावं? एक मोठी कंपनी यांच्याबरोबर भागीदारी करणार होती. तिला सोमवारी दोषी माणसाचं नाव हवंय, म्हणजे ती पोलिसांत देणार. ह्यांची झोप उडालीय. जीव अडकला होता हो त्यांचा त्या गेममध्ये. आदल्या दिवशी मला फोन करून म्हणाले, चांगला मोठा केक सांग, वर 'एक लाख खेळाडू' लिहायला लाव. अक्षरं गुलाबीच हवीत म्हणून मी केकवाल्याशी भांडले. इतके आनंदात होतो आम्ही. तोच केक ज्यांनी खाल्ला, ते आता माझ्या भावाकडे बघतसुद्धा नाहीत."

त्या पुन्हा रडल्या. भाऊजींना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी साखर पुढे केली.

"सोमवारच्या आत नाव सापडलं तर ते नानूचं नसेल, एवढंच बघा," ताई म्हणाल्या.

"नाव कुणाचं असेल ते मी आधी सांगू शकत नाही," वहिनी म्हणाल्या. "चालेल?"

ताईंनी मान डोलावली. भाऊजींना हा प्रश्न उगाच कठोर वाटला.

ताई गेल्यावर वहिनींनी तो व्हिडिओ लावला. चौक दगडी होता, चहूबाजूंनी कमानी. माणसांचे लोंढे इकडून तिकडे चाललेले.

"कवायतीसारखे चाललेत," भाऊजी म्हणाले. "आणि एवढी चेंगराचेंगरी, तरी मध्ये बघा, गोल जागा मोकळीच. फरशी ओली असेल."

वहिनींनी व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा. भाऊजी कंटाळून रिकामे कप आत ठेवायला उठले. दाराशी पोचून मागे वळून पाहिलं, तर वहिनी मोबाइलकडे नव्हे, त्यांच्या पायांकडे बघत होत्या. भाऊजींनी चपला तपासल्या. दोन्ही एकाच जोडाच्या होत्या.

कंपनीच्या स्वागतकक्षात भिंतभर एक चित्र होतं. तोच चौक, पण मधोमध एक शेवाळलेली विहीर, तिच्याभोवती माणसांची झुंबड, आणि वर 'जाहिरातीच्या फिल्ममधलं दृश्य' अशी ओळ. चित्र इतकं खरं होतं, की भाऊजींना विहिरीत डोकावून बघावंसं वाटलं. शेजारच्या पडद्यावर मोठा आकडा झळकत होता, 'आत्ता खेळत आहेत'. त्यापुढे जेमतेम चारशे. ते बघत असतानाच आकडा आणखी खाली आला. समोरून जाणारी माणसं त्या पडद्याकडे न बघता जात होती, जसं घरातल्या आजारी माणसाच्या खाटेजवळून जावं.

आधी भेटला तो प्रचारप्रमुख. सडसडीत तरुण, एका जागी उभा राहील तर शपथ.

"सगळे माझ्याकडेच बोट दाखवणार, ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "आकडे फुगवायचं काम प्रचारवाल्याचं. पण हे बघा." त्याने कपाटामागून कापडी गुंडाळी ओढून काढली. 'पन्नास हजार खेळाडूंचे आभार' असा बॅनर होता. "हा मी आधी रंगवून घेतला होता. पन्नास हजार म्हणजेसुद्धा छाती फुगवून केलेला अंदाज. मीटिंगमध्ये साहेब स्वतः म्हणाले होते, तीस झाले तरी देव पावला. मग आकडा लाखावर गेला. हे धूड लपवता लपवता माझा शर्ट फाटला. गर्दी खोटी आहे हे मला माहीत असतं, तर बॅनर तरी बरोबर आकड्याचा केला असता ना."

"जाहिरातीच्या फिल्ममध्येही गर्दी आहे. ती कुणाची?"

"ती बुजगावण्यांचीच, त्यात चोरी नाही. जाहिरातीत सगळेच तसं करतात. पण फिल्म माझ्या हातात तयार आली. मला विचाराल तर बुजगावणी कशाशी खातात ते मला ठाऊक नाही."

चौक जिने रेखाटला ती चित्रकार बाई खिडकीपाशी बसली होती. तिच्या टेबलावर दगडांचे फोटो पसरलेले होते.

"बाहेरच्या चित्रातली विहीर सुंदर आहे," वहिनी म्हणाल्या.

"होती," बाई म्हणाली. "काढून टाकली. सगळ्यात जास्त जीव मी तिच्यावर ओतला होता. पण चाचणीला बोलावलेली मुलं नेमकी तिच्यातच उडी मारायची, आणि बाहेर येता यायचं नाही. नानू माझ्या मागेच लागला, ती काढा म्हणून. बिचारा मला सॉरी म्हणायला चॉकलेट घेऊन आला होता. आता तिथे नुसती फरशी आहे."

"म्हणजे फिल्म त्याआधीची."

"बरीच आधीची. तेव्हा मजा आली होती. आमच्या कॉम्प्युटरांवर एवढी गर्दी पेलेना, म्हणून नानूने बुजगावण्यांचा संच साहेबांच्या केबिनमधल्या मोठ्या मशीनवर टाकून दिला. अगदी तयार करून, नुसतं बटण दाबायचं. मग साहेबांनी स्वतःच बसून फिल्म घेतली. पूर्वी तेही प्रोग्रामर होते ना, हात शिवशिवत असणार. नाहीतर त्या केबिनमध्ये कोण जातंय? किल्ली कायम त्यांच्या खिशात."

नानू आपल्या भाड्याच्या खोलीत सापडला. तिशीचा असेल, पण खांदे पाडून बसला होता, त्यामुळे शाळेतून घरी पाठवलेल्या मुलासारखा दिसत होता. ताईंनी धाडलेला डबा न उघडता तसाच पडला होता.

"चावी तुझी?" वहिनींनी विचारलं.

"माझी."

"बुजगावणी आत सोडताना तू कुठे होतास?"

"सर्व्हरपाशी. पण त्याला काही अर्थ नाही. वेळ लावून ठेवली की ती आपोआप सुरू होतात."

"ती चालतात कशी? रस्ता बघून?"

पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जरा जीव आला. "त्यांना बघता येत नाही हो. वाट पाठ करून ठेवलेली असते. नगरात काही बदललं, की मला त्यांना नवी वाट शिकवावी लागते. मी लगेच शिकवतो, आणि जुना संच पुसून टाकतो. दोन संच ठेवले की घोटाळा होतो."

"विहीर काढल्यावरही शिकवलीस?"

"त्याच दिवशी. सरळ चौकातून—" तो मध्येच थांबला. मग त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाला, "मीच केलं असेल. सोमवारी माझं नाव देऊ दे त्यांना."

भाऊजींनी बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

जिना उतरताना भाऊजी म्हणाले, "कबूलच केलं त्याने. संपलं की."

"तो खोटं बोलला, भाऊजी."

"पण आपणच केलं असं खोटं कोण सांगेल?"

"तोच प्रश्न आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. तपास सुटायला आला की वहिनी एरवी गुणगुणतात. आज त्या गप्प होत्या, आणि भाऊजींना ते आवडलं नाही.

शेवटी साहेब, म्हणजे ताईंचे यजमान, भेटले. डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेला, मऊ बोलणारा माणूस. त्यांनी भाऊजींसाठी स्वतः खुर्ची ओढली.

"नानू मला मुलासारखा आहे," ते म्हणाले. "मला वाटतं, त्याने हौसेने केलं असेल. दाजींना बरं वाटावं म्हणून. मी तर तेव्हा मंचावर होतो, शंभर माणसांसमोर. त्याला फार त्रास होणार नाही हे मी बघेन. चांगला वकील देईन." त्यांची नजर सारखी दाराबाहेरच्या पडद्याकडे जात होती. "सत्तर माणसं आहेत हो माझ्याकडे. मला कंपनी वाचवायचीय."

भाऊजींना त्यांची मनापासून दया आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी सगळ्यांना कंपनीच्या मीटिंगच्या खोलीत जमवलं. साहेब, प्रचारप्रमुख, चित्रकार बाई. ताई नानूचा हात धरून बसल्या होत्या, आणि नानू तो हात सोडवून घ्यायला बघत होता.

वहिनींनी भिंतीवर व्हिडिओ लावला आणि आवाज बंद केला.

"भाऊजींनी पहिल्याच फटक्यात सांगितलं होतं, की मधली जागा मोकळी आहे," त्या म्हणाल्या. "मला त्याचा अर्थ लागेना. मग मी भाऊजींना चालताना पाहिलं. आमच्या ऑफिसात माझ्या यजमानांची एक खुर्ची असायची. ती मी केव्हाच देऊन टाकली. भाऊजी अजून तिला वळसा घालून चहा आणतात."

भाऊजींना हे ठाऊकच नव्हतं.

"ही माणसंही तेच करतात. चौकात विहीर नाही, पण प्रत्येक जण विहिरीला वळसा घालून जातोय. म्हणजे त्या संध्याकाळी सोडलेली बुजगावणी जुनी होती, विहीर होती तेव्हाची. नानूने केलं असतं, तर त्याच्या हाताशी नवा संच होता, सरळ चालणारा. जुना त्याने पुसला होता. मग जुना संच उरला कुठे? एकाच ठिकाणी. जाहिरातीसाठी जिथे ठेवला होता तिथे."

प्रचारप्रमुखाने कॉलर सैल केली. "फिल्म मला तयार मिळाली होती," तो पुटपुटला.

"हो. आणि तुम्ही पन्नास हजारांचा बॅनर रंगवून बसला होता. तुम्हाला माहीत नव्हतं. संच होता केबिनमधल्या मशीनवर. नानूने तो बटण दाबण्यापुरता तयार करून दिला होता, म्हणजे त्याची चावी त्यातच होती. कुणीही सुरू केला तरी नोंद नानूच्याच नावाची होणार. आणि वेळ लावून ठेवली, की सुरू करणारा खुशाल मंचावर उभा राहू शकतो."

साहेब हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "म्हणजे मी? वहिनी, मशीन माझं असलं म्हणून काय झालं? रात्री कुणीही दार उघडू शकतं."

"शकतं. पण आकडा आधीच कुणाला ठाऊक होता? तीस झाले तरी देव पावला, असं तुम्हीच म्हणाला होता. ऑफिसातल्या कुणाचाच अंदाज पन्नासच्या वर नव्हता. आणि आदल्या दिवशी केक सांगितला गेला तो एक लाखाचा."

ताईंनी नानूचा हात सोडला.

"माणसाने आशा ठेवू नये का?" साहेब म्हणाले.

"ठेवावी. तसं असेल तर केबिन उघडू या. संच तिथे असेल, नाहीतर पुसल्याची खूण असेल. आत काहीच नसेल, तर मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन."

साहेबांचा हात पँटच्या खिशावर गेला. किल्ली काढायला नव्हे. त्यांनी खिसा वरून दाबून धरला, आणि तसेच बसून राहिले. भाऊजींना कालची आपली दया आठवली आणि ती आता कुठे ठेवावी ते कळेना.

"लाख दिसले तरच ती मोठी कंपनी सही करणार होती," साहेब म्हणाले. "गर्दी दिसली की गर्दी येते. ओपनिंगपुरती हवा करायची आणि मग बुजगावणी हळूहळू काढून घ्यायची, एवढंच ठरवलं होतं. खरे लोक एवढे येतील असं मला वाटलंच नाही. चावी नानूची आहे हे तर नंतर लक्षात आलं. मग वाटलं, तो घरचाच आहे. तो सांभाळून घेईल."

"दाजी," नानू पहिल्यांदाच बोलला. "वेशीवर किती जण उभे होते, बघितलंत का तुम्ही कधी?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"साठ हजार. सगळे खरे. आपण आत भुसा भरला नसता, तर तुमचा गेम त्या रात्री चालला असता."

चित्रकार बाईने तोंडावर हात धरला. बाहेरच्या पडद्यावर आकडा तीनशेच्या घरात आला होता, तो काचेतून सगळ्यांना दिसत होता.

"तुला माहीत होतं?" ताईंनी विचारलं. त्या नवऱ्याकडे नाही, भावाकडे बघत होत्या.

"व्हिडिओ बघितला तेव्हाच. माझीच जुनी माणसं. मी नाही ओळखणार?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुझं घर आहे ते, ताई."

"आणि तू कुणाचा होतास?" ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की भाऊजींना पुढे झुकावं लागलं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "केक माझ्याकडून सांगवून घेतलात. गुलाबी अक्षरांसाठी मी भांडत होते, तेव्हा तुम्ही फोनवर हसत होतात. सोमवारी नाव द्यायचंय ना? द्या. खरं द्या. नाहीतर मी देईन."

साहेब काहीतरी म्हणायला गेले. त्या थांबल्या नाहीत. पर्स उचलून बाहेर पडल्या, आणि नानू त्यांच्या मागोमाग गेला.

गाडीत बहीणभाऊ मागे बसले. भाऊजींनी आरशात बघत विचारलं, "ताई, कुठे सोडू?"

ताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. घरचा पत्ता ओठांवर आला असणार. नानू म्हणाला, माझी खोली आहे, पण खाट एकच आहे.

"आधी आमच्याकडे चला," वहिनी म्हणाल्या. "चहा घ्या. मग बघू."

भाऊजी आत जाऊन चहा टाकून आले. कप भरले, बिस्किटं मांडली आणि ट्रे घेऊन ऑफिसच्या दाराशी आले. आज मुद्दाम सरळ जायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण खोलीच्या मधोमध वहिनींनी एक खुर्ची आणून ठेवली होती, आणि तिच्यात ताई डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी जमिनीवर नानू, वाटेत आपल्या खोलीवरून उचलून आणलेला ताईंचा कालचा डबा मांडीवर घेऊन, पहिला घास घेत होता.

भाऊजींनी त्या दोघांना वळसा घातला आणि चहा न सांडता टेबलावर ठेवला.